फूकन इंग्रजीवरून मराठीत आणले तर काय बिघडलं? बरंच काही!

नदीकाठ:
"असमिया कवी नीलमणि फूकन दुर्बोध आहेत, मराठीत इंग्रजीवरूनच आणावेत, असमिया शिकत कोण बसणार?" असं काल इथे लिहिणाऱ्यांनी पहिल्या संग्रहाचं (१९६३) नाव तरी बघावं: 'सूर्य हेनो नामि आहे एइ नदीयेदि'. 'हेनो' म्हणजे आपला 'म्हणे'. सूर्य म्हणे या नदीवाटे उतरून येतो! इंग्रजीमार्गे त्याचं 'असे म्हटले जाते की' होतं. कविता गेली, बातमी उरली. शिवाय असमिया क्रियापदाला लिंग नाही. 'गेलो' की 'गेले', हे कशावरून ठरवणार?

खडूस_वाचक:
हा धोंडा तुमच्याच पायावर. इंग्रजी 'मी'लाही लिंग नसतं. अडचण मराठीची, उपायही मराठीतच: सकर्मक भूतकाळ. 'मी नदी पाहिली' म्हणणारा बुवा की बाई, कळत नाही. आणि स्पॅनिश कवी लोर्का, जपानी कविता असमियात आणणारे फूकन इतिहासाचे एम.ए. होते, शिकवायचे गुवाहाटीच्या आर्य विद्यापीठ महाविद्यालयात. क्योतोत नव्हे. त्यांना विचारलंत का, आधी या भाषा शिकलात का म्हणून?

उंबरठा:
फूकनांना २०२०चं ज्ञानपीठ जाहीर झालं तेव्हा ते ८८ वर्षांचे. या उशिरावर कोणी बोलणार का?

टीपकागद:
नाही. आधी लिप्यंतर! 'नामि आहे' छापलंत की मराठी वाचक 'नामी आहे' वाचणार. तिथे 'आहे' म्हणजे 'येतो'. 'सूर्य'मधला स घशातून घासत येतो, ख आणि ह यांच्या मधला. च-छचा उच्चार स. उच्चाराप्रमाणेच लिहा.

खडूस_वाचक:
म्हणजे 'असम'चं 'अखम'? 'सूर्य' तत्सम म्हणून पटकन ओळखू येतो, तेही घालवा! 'चार' आणि 'चाक' एकाच च-ने लिहून वेगळे वाचणारे आपण. मूळ वर्णांप्रमाणे लिहा, उच्चाराची टीप सुरुवातीला एकदाच द्या.

टीपकागद:
टीप वाचतो कोण? तुम्ही तर वरचा प्रतिसादही धड वाचलेला नाही. 'आहे'चं काय करणार ते सांगा.

खडूस_वाचक:
नावाखाली मराठी अर्थ छापा. झालं.

नदीकाठ:
लिंगाचा मुद्दा मागे घेतो, वाटा पेढे. पण 'मानुहजन' आदराने, 'मानुहटो' आदर काढून घेऊन. इंग्रजीत दोन्ही एकच माणूस. 'ते गृहस्थ' की 'तो माणूस', कशावरून निवडणार?

खडूस_वाचक:
बरं, 'म्हणे' तुमचा, 'जन-टो'ही तुमचे. असमिया जाणणाऱ्याला शेजारी बसवा, ओळीओळीचा शब्दशः खर्डा काढून घ्या, प्रत्ययांसकट. मग मराठी करा. स्वतः भाषा शिकायची सक्ती तरीही अमान्य.