अनुभव धागा: पडलेल्या झाडाचं सरपण आणि सुतारकाम

जूनच्या पहिल्या वादळी पावसात ठाणे-नवी मुंबईत रेन ट्री, गुलमोहर, सोनमोहर आडवे होतात. रस्ता मोकळा होतो, पण सोसायटीच्या आवारातले ओंडके कुंपणाला टेकून तिथेच कुजत राहतात. या लाकडाचं सरपण कसं करायचं, फळी कशी काढायची, हत्यारं कशी सांभाळायची, हे ज्यांच्या हाताला ठाऊक आहे त्यांनी इथे लिहावं. मोजमापासकट लिहा, म्हणजे पहिल्यांदाच कुऱ्हाड उचलणाऱ्याला उपयोग होईल.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. शहरी भागातलं उभं झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, तसा 1975 चा कायदा आहे. पडलेल्या झाडाला हात लावण्याआधीही महापालिकेच्या उद्यान विभागाला कळवा. खाडीकाठची तिवरं तोडायची नाहीत आणि येऊरच्या जंगलातलं सुकं लाकूडसुद्धा आणायचं नाही.

कोपरी, ठाणे

ओंडका फोडायला ताकद लागतेच, पण आधी डोळा लागतो. कापलेलं तोंड नीट बघा. सुकताना गाभ्यापासून सालीकडे बारीक चिरा गेलेल्या असतात. त्यातली सगळ्यात लांब चीर धरून घाव घाला. ओंडके एक ते सव्वा फुटाचेच कापा. त्याहून लांब ठेवले की मधे कुठेतरी गाठ येतेच, आणि गाठीपाशी लाकडाचा धागा वळतो. गाठ खालच्या टोकाला येईल असा ओंडका उभा करा आणि स्वच्छ टोकाकडून फोडा. फूट-दीड फूट व्यासाचा मोठा ओंडका असेल तर मधोमध घाव घालू नका. कडेकडेने ढलप्या काढत आत यायचं.

झाड तोडायची पातळ कुऱ्हाड फोडायला चालत नाही, ती लाकडात रुतून बसते. फोडायला जाड गालाची, अडीच-तीन किलोची कुऱ्हाड आणि दोन लोखंडी पाचरी हव्यात. दोनच का, तर पहिली अडकली की दुसरी तिला सोडवते. पाचरीचं डोकं ठोकून ठोकून पसरलं असेल तर कानशीने किंवा ग्राइंडरवर साफ करा, नाहीतर त्या कडेचा तुकडा उडून डोळ्यात जातो. चष्मा लावाच. कुऱ्हाडीच्या पाठीवर घण मारू नका, नेढं (दांडा बसतो ते भोक) फाकतं आणि मग कुठलाच दांडा टिकत नाही.

दांडा सैल झाला की लोक कुऱ्हाड रात्रभर पाण्यात ठेवतात. फुगलेलं लाकूड नेढ्यात दाबून चिरडतं, आणि सुकल्यावर दांडा पहिल्यापेक्षा जास्त हलतो. त्यापेक्षा वरच्या तोंडात सुक्या लाकडाची पाचर ठोका. दांड्याला धामण किंवा बाभूळ घ्या, आणि दांडा उभ्या धाग्याचा निवडा. तिरका धागा असेल तर ऐन घावात मोडतो.

खाली फूटभर उंचीचा रुंद ठोकळा घ्या, सिमेंटवर फोडू नका. दोन्ही पाय एका रेषेत, खांद्याइतके फाकून ठेवा. एक पाय पुढे ठेवला आणि घाव चुकला तर कुऱ्हाड थेट नडगीवर येते. निलगिरी, सुरू ओलं असतानाच फोडा, सुकल्यावर दाद देत नाही. रेन ट्रीचा धागा आपसात गुंतलेला असतो. तो फुटत नाही, फाटतो. तिथे करवतच बरी. पण सुबाभळीचा सरळ ओंडका एका घावात दोन फाकांत उघडतो आणि आतलं ओलसर लाकूड समोर येतं, तेव्हा खांद्यांच्या दुखण्याचं सार्थक होतं.

घणसोली

आमच्या गावठाणात हळदीला अजून मोठी टोपं विटांच्या चुलीवर चढतात, त्यामुळे सरपणाची पारख करावीच लागते. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. म्हणजे दहा किलो लाकडातली पाच किलोच जळतात, आणि त्यांच्या धगीतलाही काही वाटा ते पाणी उडवण्यात जातो. धूर होतो तो याचाच.

मटणाला निखारा हवा: बाभूळ, सुबाभूळ, सुरू. भाकरीला बोटाएवढ्या काटक्या आणि झपकन उठणारी आच. भाताचं पाणी आटत आलं की लाकडं बाहेर ओढायची, झाकणावर निखारे ठेवायचे आणि दम द्यायचा. आंबा ठीक, पण लवकर बसतो. गुलमोहर, पांगारा, शेवगा यांवर मोठं टोप लावू नका, माणूस लाकडं सारूनच थकतो. प्लायवूड, सनमायका, रंगवलेल्या चौकटी चुलीत घालू नका. गोंदाचा आणि रंगाचा विषारी धूर सुटतो.

नोव्हेंबरात फोडून रचलेलं मनगटाएवढं लाकूड मेपर्यंत तयार होतं. पावसाळ्याचे महिने सुकण्यात धरू नका. रास जमिनीवर न लावता विटांवर लावा. वरून पत्रा टाका, बाजू उघड्या राहू द्या. निळं प्लास्टिक गुंडाळलं की आत घाम धरतो आणि बुरशी येते. सुकलं का ते कळायला दोन फाका एकमेकींवर वाजवा: सुकं खणखणतं, ओलं बद्द वाजतं. याहून पक्की खूण हवी असेल तर एका फाकेवर खडूने वजन लिहा आणि दर पंधरा दिवसांनी पुन्हा तोला. वजन उतरायचं थांबलं की आपल्या हवेत ती जितकी सुकायची तितकी सुकली. पावसाळ्यानंतर राशीत हात घालायचा नाही. फाक आधी काठीने ओढा, आत विंचू किंवा घोणस असू शकते.

वर्तकनगर, ठाणे

फळ्या काढायच्या असतील तर वखारीत जाण्याआधी घनफूट स्वतः काढा. ओंडक्याचा मधला घेर इंचात मोजा, चारने भागा, त्याचा वर्ग करून फुटांतल्या लांबीने गुणा आणि 144 ने भागा. घेर 48 इंच, लांबी 6 फूट असेल तर 12 गुणिले 12 गुणिले 6, भागिले 144, म्हणजे 6 घनफूट. हे माप खऱ्या आकारमानाच्या साधारण 78 टक्के येतं. उरलेलं साल आणि कापणीची घट म्हणून सोडलेलं असतं.

ओंडका कापल्याच्या दिवशीच दोन्ही तोंडांना जाड ऑइल पेंट किंवा वितळलेलं मेण लावा. पाणी तोंडाकडून सगळ्यात वेगाने निघतं. तोंड आकसतं, आतलं लाकूड आकसत नाही, आणि हातभर लांब चीर पडते. एक इंच तयार फळी हवी तर सव्वा इंच कापून घ्या. फळ्या एकावर एक रचताना मधे पाऊण इंचाच्या सुक्या पट्ट्या दर दीड फुटावर, प्रत्येक थरात बरोबर एकाखाली एक ठेवा. पट्टी सरकली तर फळी तिथेच वाकते. वर जुन्या लाद्यांचं वजन ठेवा. इंचभर जाडीला आपल्याकडे वर्ष धरून चाला.

आंबा, रेन ट्री यांची साल लगेच सोला, कीड सालीखालीच आधी शिरते. बाहेरच्या पांढऱ्या लाकडात पिष्ट असतं, भुंग्याला तेच हवं असतं. टाचणीएवढी भोकं आणि खाली मैद्यासारखा भुसा दिसला तर ती फळी बाकीच्यांपासून वेगळी करा. ताज्या फळीला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या कोमट पाण्याचे दोन-तीन हात द्या. सुकलेल्या फळीत ते खोल जात नाही.

बेलापूर

नव्यापेक्षा पाडलेल्या चाळींचं जुनं सागवान मी केव्हाही पसंत करीन. त्याचं आकसणं कधीच होऊन गेलेलं असतं. फक्त रंध्याआधी चुंबक फिरवा. खिळा वर दिसत नसला तरी भोवतीचा निळसर-काळा डाग त्याची जागा सांगतो. सागात वाळूसारखी सिलिका असते, त्यामुळे पातं लवकर बोथट होतं. धार पुन्हा पुन्हा लावायची तयारी ठेवा.

पटाशीला 25 अंशांचा उतार ठेवा आणि अगदी टोकाला 30. दगडावर घासताना पाठीमागे बारीक कड वळते, नखाला लागते. ती लागेपर्यंत थांबायचं नाही, लागल्यावर पाठ सपाट ठेवून काढून टाकायची. दगडावर खोबरेल नको, ते चिकटून दगड बंद पाडतं. मशीनचं तेल आणि थोडं रॉकेल वापरा.

रंधा मारताना लाकूड खरवडून उचललं जात असेल तर जोर वाढवू नका, फळी फिरवा. धागा रंध्याच्या दिशेने वर चढत गेला पाहिजे. रंध्याच्या तळाला मेणबत्ती घासा. पातं बरोबर बसलं की तोंडातून अखंड, पलीकडचा अंगठा दिसेल इतकी पातळ चिलपी निघते, आणि मागचा पृष्ठभाग पॉलिश पेपर न लावताही चमकतो. सुतारकामाचा आनंद मला त्या पृष्ठभागावर तळहात फिरवताना सर्वात जास्त मिळतो.

कूस (सांध्यात दुसऱ्या लाकडाच्या भोकात बसणारी जीभ) फळीच्या जाडीच्या एक तृतीयांश ठेवा. हाताने अर्धी आणि मोगरीच्या (लाकडी हातोड्याच्या) हलक्या ठोक्याने उरलेली बसली पाहिजे. घण लागला तर भोकाची भिंत चिरते. नुसती पडली तर फेविकॉल ती पोकळी भरून काढत नाही. पावसाळ्यात क्लॅम्प पूर्ण रात्र ठेवा.

कोपरखैरणे

वर बेलापूरहून लिहिलंय त्याला जोडून. जुनं सागवानसुद्धा हलतं. ऋतू बदलला की फूटभर रुंद फळी दोनेक मिलिमीटर रुंद होते आणि पुन्हा आकसते. त्यामुळे मे महिन्यात बनवलेल्या खणाला (ड्रॉवरला) वरच्या बाजूने त्या प्रमाणात फट सोडा, नाहीतर जुलैत तो उघडणार नाही. टेबलाचा वरचा भाग चौकटीला खिळ्यांनी किंवा गोंदाने आवळू नका, लांबट भोकांतून स्क्रू घाला.

आणि जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून डब्यात टाकू नका. ते तेल सुकताना उष्णता सोडतं, आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. फ्लॅटच्या बाल्कनीत काम करणाऱ्यांनी तर खास लक्ष द्या: फडकं दोरीवर एकपदरी पसरा, कडक झाल्यावरच कचऱ्यात टाका, किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.