कोळीवाड्यातली शौचालयं बंद का पडली: सवय की जमीन?

खाडीकाठची
2014 नंतर स्वच्छ भारतच्या 12,000 रुपयांच्या अनुदानावर आमच्या कोळीवाड्यात घरोघरी शौचालयं झाली. आता त्यातल्या बऱ्याच ठिकाणी जाळी ठेवलेली असतात. "कोळ्यांना सवयच नाही" असं लोक सहज बोलून जातात, ते मला फार लागतं. आमच्या अंगणात हातभर खणलं की पाणी लागतं. या शौचालयांच्या शोषखड्ड्याचा, म्हणजे मैलापाणी जमिनीत मुरवणाऱ्या खड्ड्याचा, तळ भूजलाच्या दोन मीटर तरी वर हवा. आमचे खड्डे पावसाळाभर पाण्यातच. श्रावणातल्या उधाणाला भांड्यातलं पाणी खाली जाण्याऐवजी वर येतं. हे एकदा पाहिलेली बाई पुन्हा त्या दाराला हात लावत नाही. आराखडा देशावरचा, जमीन पुळणीची.

वसईचा_नाखवा
ताई, मीही कोळ्याचाच, पण सगळं जमिनीवर ढकलू नका. म्हावरं साफ केल्यावर आतडी, खवले, रक्ताचं पाणी दारासमोरच्या गटारात कोण ओततं? पिंपांवर झाकणं नाहीत. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, आणि आमच्या आळीत पिंप महिनोन्‌महिने घासलं जात नाही. इथे कुठला आराखडा आडवा येतो? घरात चालू संडास असूनही पोरं खडकावर जातात, तेही बघा.

खाडीकाठची
पिंपांचं शंभर टक्के मान्य. पण पाणी तीन दिवसांआड येतं, म्हणून पिंपं भरावी लागतात. विहिरीच्या मचूळ पाण्यात साबणाला फेस येत नाही; आजी चिंचेच्या कोळाने हात चोळायची, वास जायचा, पण जंतू नाही जात. पोरांना मी साबणच लावायला लावते, त्यासाठी एक कळशी गोडं पाणी वेगळं ठेवते.

सुकट_बाजार
तुम्ही दोघं घरातलंच बोलताय. पहाटे तीनला लिलावाला गेलेली बाई दुपारी पाटी रिकामी होईपर्यंत घोटभर पाणी पीत नाही, कारण बंदरावर जायला जागा नाही. माझ्या आईला लघवीची जळजळ वर्षानुवर्षं होती. आधी तिथे संडास बांधा.

वसईचा_नाखवा
बंदराचं खरं आहे, त्यासाठी मी सोबत येतो. पण घरचं थांबवू नका. आमच्याकडे चौथरा उंच करून पक्की बंद टाकी केली, उधाणातही चालते. खर्च जास्त आला, चार घरांनी मिळून केला.

खाडीकाठची
टाकी भरल्यावर? आमची गल्ली तीन हात रुंद, उपसायची गाडी आत शिरत नाही.

वसईचा_नाखवा
गाडी बंदरावर थांबते आणि तिथून पाइप आणतात. तुमच्या टाकीच्या जागेपासून बंदरापर्यंत अंतर मोजा आणि इथे लिहा.