दोन दिवसांचं महाबळेश्वर-पाचगणी : तुम्ही कुठे रमलात?

शनिवारी पहाटे निघायचं आणि रविवारी रात्री घरी, बहुतेकांच्या वाट्याला महाबळेश्वर असंच येतं. टॅक्सीवाल्यांच्या फलकावर पॉइंटांची लांबलचक यादी असते. ती संपवायच्या नादात माणसं दिवसभर गाडीतच बसून राहतात. मला वाटतं, एवढ्याशा वेळात डोंगराची एकच बाजू धरावी आणि तिथे निवांत राहावं. तुम्ही कुठे थांबलात, काय खाल्लंत, पुन्हा गेलात तर काय गाळाल? यादी नको, सविस्तर हकीकत लिहा. सुरुवात मी करते.

आमच्याबरोबर आई होती. तिचं माहेर कराडचं, प्रीतिसंगमावर खेळत ती वाढली. म्हणून पहिला अख्खा दिवस क्षेत्र महाबळेश्वराला दिला. बाजारपेठेपासून हे जुनं गाव सहा-सात किलोमीटरवर आहे. पंचगंगा मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री यांचं पाणी एकत्र येऊन गोमुखातून कुंडात पडतं. आई ओंजळ धरून कितीतरी वेळ तिथे उभी होती. "कोयना इथनं निघते, एवढा वळसा घेते आणि आमच्या कराडात येऊन कृष्णेला भेटते गं," म्हणाली. वेण्णा त्याआधीच साताऱ्याजवळ माहुलीला कृष्णेत मिसळते. सावित्री मात्र कोकणात उतरून अरबी समुद्र गाठते आणि कृष्णा पार बंगालच्या उपसागरापर्यंत जाते. एवढ्या लांबच्या वाटा एका मंदिरापाशी सुरू होतात, हे आईच्या शेजारी उभं राहून पाहताना माझे डोळे भरून आले.

जवळच कृष्णाबाईचं काळ्या दगडाचं जुनं मंदिर आहे. गर्दी तिकडे फारशी वळत नाही. जरूर जा, तिथून कृष्णेचं खोरं दिसतं. दुपारनंतर आर्थर सीटला गेलो. तिथे एका बाजूला सावित्रीची खोल दरी आणि दुसऱ्या बाजूला जोरचं खोरं. बाकीचे पॉइंट राहिले, पण आईने त्यांचं नावही काढलं नाही.

*

आमचा मुक्काम पाचगणीत होता, दोन लहान मुलांसह. टेबल लँडवर सकाळी लवकर जा. घोडे आणि गाड्यांची वर्दळ सुरू होण्याआधी ते पठार मुलांना नुसतं पळायला मिळतं. मोकळं आभाळ आणि पायाखाली जांभा खडक, मुलांना आणखी काही लागलं नाही. कडेला मात्र हात सोडू नका.

संध्याकाळी वेण्णा तलावावर गेलो. १८४२ साली साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांनी तो बांधून घेतला. आम्ही वल्ह्यांची नाव घेतली. काठावर मक्याचे पॅटिस, गरम कणीस, भजी खाऊन मुलांचं पोट भरलं, आणि खोलीवर जाऊन जेवायचं कुणाच्या मनातच राहिलं नाही. इथे एक कळकळीने सांगतो : तिन्ही वेळच्या जेवणासकट पॅकेज घेऊ नका. आमच्या हॉटेलात रात्रीचं जेवण ठरलेल्या वेळेला बंद व्हायचं. त्या वेळेला परत यायचं म्हणून सूर्यास्त अर्धा टाकून निघालेली कुटुंबं मी बॉम्बे पॉइंटवर पाहिली. फार वाईट वाटलं. नाश्ता हॉटेलात, बाकी बाहेर, एवढं पुरे.

*

मी इथलाच, आमची स्ट्रॉबेरीची शेती हाय. पाहुणे येतात, रस्त्यावर बॉक्स घेतात आणि आंबट लागली म्हणतात. म्हणून लिहितो.

पावसाळा सरता सरता लागवड होते, डिसेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत खरा हंगाम. देठापाशी पांढरी राहिलेली स्ट्रॉबेरी घेऊ नका. ती एकदा तोडली की पुढं लाल दिसंल, पण गोड होणार नाही. आंब्यासारखं तिला अढीत पिकवता येत नाही. देठापर्यंत लाल आणि टोपी हिरवीगार असली की डोळे झाकून घ्या. स्वीट चार्ली, विंटर डाऊन अशी जात विचारून घेतलीत तर शेतकऱ्यालाही बरं वाटतं, कुणीतरी नावानं विचारतंय म्हणून. २०१० साली आमच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आम्हांला अभिमान आहे. शेतात तोडायला दिलं तर फळ ओढू नका, देठ नखानं खुडा. ओढलं की रोप हलतं.

आणि मध घेणार असाल तर आमच्या तालुक्यातलं मांघर बघा. २०२२ साली ते देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. पेट्या कशा ठेवतात, मध कसा काढतात ते नीट समजून घ्या, आणि मग बाटली घ्या.

*

आमचा दुसरा दिवस सगळा प्रतापगडाचा. सासऱ्यांची फार वर्षांची इच्छा होती. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने साधारण चोवीस किलोमीटर, पण वळणं एवढी आहेत की घाई करूच नये. मामंजी हळूहळू, बसत-उठत चढले. भवानीमातेचं दर्शन घेतलं, मग बालेकिल्ल्यावरच्या महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्यासमोर आले. १९५७ साली पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचं अनावरण झालं होतं. १० नोव्हेंबर १६५९ ला खानाची भेट झाली ती गडाच्या पायथ्याशी. वरून ती जागा, भोवतालचं जावळीचं रान आणि एकावर एक चढलेले डोंगर पाहिले, की एवढं मोठं सैन्य इथे का अडकलं ते आपोआप समजतं. पुस्तकात वाचून ते इतकं लख्ख कळलं नव्हतं.

खाली उतरून पिठलं, भाकरी, ठेचा आणि ताक. सहलीतलं सगळ्यांत चांगलं जेवण तेच. चुलीवरची भाकरी ताटात पडत होती आणि मामंजी "अजून एक" म्हणत होते. घरी एका भाकरीवर उठणारा माणूस!

*

पावसाळ्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. जुलैत जाणार असाल तर दऱ्या दिसतील ही आशा सोडून जा. वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणारी जागा आहे ही. पॉइंटवर उभं राहिलं की पुढे नुसतं पांढरं. आम्ही दोघं व्हरांड्यात चहा घेत बसलो, पाऊस उणावला की बाजारात चक्कर मारली, गरम चणे घेऊन परत आलो. आम्हांला ते फार आवडलं. मुलं बरोबर असतील तर ऑक्टोबर बरा : हवा धुतलेली असते, लिंगमळ्याच्या धबधब्याला पाणी असतं आणि दऱ्या तळापर्यंत दिसतात. आंबेनळी घाटात पावसात दरडी कोसळतात, तेव्हा पोलादपूरकडून येणाऱ्यांनी आधी चौकशी करावी.

*

गाडी नसलेल्यांसाठी माझा अनुभव. मी शिक्षिका आहे, एकटीच एसटीने गेले, आणि तेही मुद्दाम मंगळवारी. वाईपासून पसरणी घाटात खिडकीशी बसा, मागे वळून पाहिलं की धोमचं पाणी चमकताना दिसतं.

मी भिलारला राहिले. पाचगणी आणि महाबळेश्वरच्या मधलं हे गाव, ४ मे २०१७ पासून पुस्तकांचं गाव. घरांच्या भिंती रंगवलेल्या आहेत आणि कथा, कविता, चरित्रं, बालसाहित्य असा एकेक विषय एकेका घराने सांभाळला आहे. ओसरीवर बसा आणि हवं ते पुस्तक काढा. पैसे कुणी मागत नाही. एका घरात मी सकाळपासून वाचत होते. दुपारी घरच्या काकू म्हणाल्या, "बाई, आता दोन घास खा, मग पुढचं वाचा." घेवड्याची आमटी, भात आणि लोणचं. जेवणाचे पैसे मी आग्रहाने दिले. तुम्हीही द्या, कारण एवढी पुस्तकं आणि एवढी माणसं सांभाळणं हे कष्टाचं काम आहे.

परतीची गाडी रविवारी दुपारनंतरची धरू नका. पाचगणीपासून वाईपर्यंत वाहनांची रांग लागते. मी बुधवारी संध्याकाळी निघाले आणि बसायला जागा मिळाली.