झॅबिक्स मॅप: केबल काढली तरी लिंक हिरवी, पिंगला उत्तर देणारा स्विच लाल

प्रश्न
झॅबिक्स या नेटवर्कवर लक्ष ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या मॅपवर (नेटवर्कच्या चित्रावर) दोन ठिकाणी रंग चुकतोय. कोअर (मधला मुख्य) आणि ॲक्सेस (वापरकर्त्यांकडचा) स्विचमधल्या एका पोर्टची केबल काढलेली आहे, स्विचवर तो पोर्ट डाउन दिसतो, तरी लिंक हिरवीच. दुसरा एक स्विच सर्व्हरवरून पिंग केला तर एकही पॅकेट गळत नाही, पण आयकॉन लाल. मॅप नव्याने बनवूनही फरक नाही. होस्ट (झॅबिक्समध्ये नोंदवलेली यंत्रं) एसएनएमपी व्ही२ वर आहेत, म्हणजे यंत्राकडून माहिती विचारण्याच्या प्रोटोकॉलवर; टेम्प्लेट (तपासण्या आणि ट्रिगरचा तयार संच) झॅबिक्ससोबत येतं तेच. शोधायला सुरुवात कुठून करू?

उत्तर १
मॅप पुन्हा बनवून काही हाती लागणार नाही, कारण मॅप यंत्राला काहीच विचारत नाही. तो फक्त ट्रिगरची स्थिती रंगवतो; ट्रिगर म्हणजे मूल्य ठरलेल्या अटीत बसलं की प्रॉब्लेम उठवणारा नियम. लिंक तर तेवढंही आपणहून करत नाही: लिंकच्या सेटिंगमधल्या लिंक इंडिकेटरमध्ये ट्रिगर जोडेपर्यंत तुम्ही दिलेला रंग तसाच राहतो. जोडल्यावर आधी 'अप्लाय' आणि मग मॅपचं 'अपडेट', दोन्ही दाबा. नुसत्या पहिल्यावर बदल टिकत नाही.

ट्रिगर जोडलेला असेल तर 'लेटेस्ट डेटा'मध्ये त्या पोर्टचं इफऑपरस्टेटस, म्हणजे पोर्ट चालू की बंद हे मूल्य, बघा (ओआयडी, म्हणजे एसएनएमपीमधला त्या मूल्याचा पत्ता: १.३.६.१.२.१.२.२.१.८, शेवटी पोर्टचा इंडेक्स, म्हणजे क्रमांक). १ म्हणजे अप, २ म्हणजे डाउन. तिथे २ असून प्रॉब्लेम उठला नसेल, तर खोच टेम्प्लेटच्या अटीत आहे. 'लिंक डाउन' ट्रिगर मूल्य २ असणं आणि आधीच्या मूल्यापेक्षा ते वेगळं असणं, दोन्ही मागतो. रिकामे पोर्ट कायम बोंबलू नयेत म्हणून ही अट आहे, आणि ती योग्यच आहे. पण होस्ट जोडताना पोर्ट आधीच डाउन असेल, किंवा कुणी प्रॉब्लेम हाताने बंद केला असेल, तर तो ट्रिगर पुढे गप्प राहतो. टेम्प्लेटला हात लावू नका. फक्त अपलिंकच्या (वरच्या स्विचकडे जाणाऱ्या) पोर्टसाठी होस्टवर वेगळा ट्रिगर करा: शेवटचं मूल्य १ नसेल तर प्रॉब्लेम. 'बरोबर २' लिहिलंत तर ७, म्हणजे खालचा थर डाउन, निसटतो.

उत्तर २
लाल स्विचबद्दल. होस्टचा आयकॉन त्या होस्टच्या कुठल्याही उघड्या प्रॉब्लेमवर रंग बदलतो, पिंगशी त्याचा एकट्याचा संबंध नाही. 'प्रॉब्लेम्स'मध्ये त्या होस्टचा फिल्टर लावा. बहुतेक वेळा एसएनएमपी डेटा येत नसल्याचा इशारा निघतो: पिंग आयसीएमपीवर चालतं, एसएनएमपी यूडीपी १६१ वर, त्यामुळे एक सुरू आणि दुसरं अडलेलं असू शकतं. होस्ट प्रॉक्सीमार्फत (सर्व्हरच्या वतीने डेटा गोळा करणाऱ्या मधल्या संगणकामार्फत) असेल तर चाचणी प्रॉक्सीवरूनच करा. सर्व्हरवरून केलेल्या पिंगने काहीच सिद्ध होत नाही. आयकॉनने फक्त पोहोच दाखवायची असेल, तर होस्टऐवजी आयसीएमपीचा ट्रिगर हाच घटक म्हणून ठेवा.

उत्तर ३
याची उलटी बाजू जास्त घातक आहे. एसएनएमपी बंद पडलं की पोर्टचं शेवटचं मूल्य गोठतं आणि लिंक निवांत हिरवी राहते. म्हणून लिंकला एसएनएमपी थांबल्याचा ट्रिगरही जोडा, रंग राखाडी. दोन्ही एकदम उठले तर जास्त सिव्हिरिटीच्या (गंभीरतेच्या पातळीच्या) ट्रिगरचा रंग लागतो; 'लिंक डाउन'ची सिव्हिरिटी वरची ठेवा.

रीबूटनंतर भलत्याच लिंकचा रंग बदलू लागला तर इंडेक्स सरकलेत. सिस्को आयओएसवर 'एसएनएमपी-सर्व्हर इफइंडेक्स पर्सिस्ट' लावून ठेवा.

प्रश्नकर्ता
लाल स्विच सुटला. होस्ट प्रॉक्सीवर होता आणि प्रॉक्सीचा पत्ता स्विचच्या एसीएलमध्ये (परवानगी असलेल्या पत्त्यांच्या यादीत) नव्हता. लिंकला मात्र ट्रिगर जोडलेला आहे, पोर्ट-चॅनलचा (अनेक पोर्ट एकत्र बांधून केलेल्या एका जोडणीचा). मूल्य १ च येतंय.

उत्तर १
मग ते मूल्य खरंच आहे. दोन केबलपैकी एक निघाली तरी पोर्ट-चॅनल अपच राहतो. त्यातल्या प्रत्येक पोर्टचा ट्रिगर त्याच लिंकला स्वतंत्र जोडा, रंग नारिंगी, आणि पोर्ट-चॅनलचा लाल, एक पायरी वरच्या सिव्हिरिटीने.