मदत हवी आहे: जर्मनच्या म्युसन, ड्युर्फन आणि झोलन या क्रियापदांत रोज गोंधळ

नमस्कार मंडळी. नर्सिंग झालंय, मूळची सांगलीची, सध्या पुण्यात जर्मनच्या बी१ पातळीच्या वर्गाला जाते. जर्मनीत नर्स म्हणून मान्यता मिळवायला साधारण पुढची बी२ पातळी लागते, म्हणून घाई.

परवा वर्गात मी नर्स, मैत्रीण पेशंट. ऑपरेशनला दोन तास उरलेत, आता पाणीसुद्धा प्यायचं नाही, एवढंच सांगायचं होतं. मी ठणकावून म्हटलं, "झी म्युसन निश्ट्स ट्रिंकन." तिने शांतपणे बाटली उघडली आणि घटाघटा प्यायली! मॅडम म्हणाल्या, तू तिला सांगितलंस, 'प्यायलाच हवं असं काही नाही.'

'मुस' (म्युसनचंच रूप) म्हणजे पाहिजे, मग नकारात 'नको' का होत नाही? शिवाय 'झोलन' नक्की कधी? आणि भूतकाळात 'गेमुस्ट' म्हणायचं की 'म्युसन'? नियम पाठ आहेत, पण बोलताना जीभ अडखळते.

प्रतिसाद १
घोळ 'पाहिजे'त आहे. मराठीत 'पाहिजे'च्या उलट 'नको', इंग्रजीतही मस्टला नॉट लावलं की मनाई होते. दोन्हीकडून फसगत. म्युसनला 'लागणे' धरा. जावं लागतं, जावं लागत नाही. नकारात सक्ती गेली, मनाई आली नाही. जर्मनमध्ये नेमकं हेच होतं.

मनाईसाठी ड्युर्फन, त्याला 'चालणे' धरा. "डार्फ मान हीर राउखन?" म्हणजे इथे सिगारेट ओढलेली चालते का? पेशंटला म्हणायचं, "झी ड्युर्फन निश्ट्स ट्रिंकन." काहीही प्यायलेलं चालणार नाही.

क्योनन तर आपलं 'येणे'च. "इश कान डॉइच", मला जर्मन येतं. पुढे 'बोलता' जोडायची गरज इथेही नाही, तिथेही नाही. फक्त 'एर कान' (त्याला येतं) म्हणताना शेवटी 'ट' लावू नका, तो मोह सगळ्यांना होतो.

प्रतिसाद २
झोलनमध्ये तिसऱ्या माणसाचा आवाज असतो. "इश झोल फील वासर ट्रिंकन": भरपूर पाणी प्यायचंय, कारण डॉक्टरांनी सांगितलंय. 'मुस' म्हटलंत तर नड तुमची किंवा परिस्थितीची. वॉर्डात डॉक्टरांचा निरोप पेशंटला सांगताना हे दिवसभर लागेल.

प्रश्नात ते आपलं '-ऊ का' होतं. "झोल इश डास फेन्स्टर त्सूमाखन?" खिडकी लावू का? आणि माझा सगळ्यात लाडका वापर: "एर झोल राइश झाइन." तो म्हणे श्रीमंत आहे. या 'म्हणे'चं काम जर्मनमध्ये एका झोलवर भागतं.

बेकरीत काही मागताना मात्र "इश विल" (मला पाहिजे) नको, हट्टी पोरासारखं वाटतं. त्याऐवजी नम्र "इश म्योश्टं" म्हणा.

प्रतिसाद ३
भूतकाळाचं एवढं मनावर घेऊ नका. बोलताना बहुतेक साधा भूतकाळच वापरतात: मुस्टं, कोन्टं, डुर्फ्टं. मूळ क्रियापदातल्या स्वरावरचे दोन टिंब गळतात, तेवढं सांभाळा. 'हाबं' (इंग्रजीतल्या 'हॅव'सारखं सहायक क्रियापद) घेऊनच बोलायचं असेल आणि सोबत दुसरं क्रियापद असेल, तर "इश हाबं आर्बाइटन म्युसन". एकटंच असेल तर 'गेमुस्ट'.

आणि 'वाइल' (कारण) नंतरचा शब्दांचा क्रम अवघड म्हणतात, तो आपल्याला फुकट मिळालाय. "वाइल इश हॉयटं आर्बाइटन मुस", कारण मला आज काम करावं लागतंय. काम करावं, मग लागतंय. आर्बाइटन, मग मुस.

धागाकर्ती
लागणे-चालणे डोक्यात बसलं! आज मैत्रिणीला पुन्हा पेशंट केलं, बाटली बंदच राहिली. आता, डार्फ इश नोख आइनं फ्रागं श्टेलन? (अजून एक प्रश्न विचारलेला चालेल का?) म्योश्टंचा भूतकाळ काय?

प्रतिसाद ३
चालेल की. त्याला स्वतःचा भूतकाळ नाही, 'विल'चं 'वोल्टं' उसनं घ्यायचं. भूतकाळात ते उद्धट वाटत नाही.