मदत हवी आहे: ई-जर्नलची वर्गणी थांबवल्यावर जुन्या अंकांचे काय होते?

सप्रेम नमस्कार. मी एका खाजगी विनाअनुदानित महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. २०२५ पासून लागू झालेली ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही ई-जर्नलच्या सामाईक वर्गणीची केंद्र सरकारची योजना शासकीय संस्थांसाठी असल्याने आम्हाला तिचा लाभ नाही, आणि वाढत्या दरांमुळे एका मोठ्या प्रकाशकाचा ई-जर्नल संच यंदा बंद करावा, असे व्यवस्थापनाचे म्हणणे आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१९ मध्ये एल्सेव्हियर या बड्या प्रकाशकाची वर्गणी थांबवली आणि २०२१ मध्ये ओपन ॲक्सेसचा (लेख सर्वांना मोफत वाचता येण्याचा) अंतर्भाव असलेला करार पदरात पाडून घेतला. पण आम्ही बाहेर पडलो तर प्रकाशकाला ते जाणवणारही नाही.

माझी मुख्य अडचण अशी की, ज्या वर्षांचे पैसे आम्ही भरले आहेत, त्या वर्षांचे अंक पुढेही वाचता यावेत यासाठी करारातील नेमके कोणते कलम पाहावे? आमच्या करारात याबाबतची भाषा फार संदिग्ध आहे. तसेच अनपेवॉल (लेखांच्या मोफत प्रती शोधून देणारे साधन), संस्थात्मक संग्रह (संस्थांनी आपल्या संशोधकांचे लेख ठेवलेली ऑनलाइन भांडारे) आणि आंतरग्रंथालयीन देवघेव यांवर प्राध्यापकांची गरज प्रत्यक्षात कितपत भागते? ज्यांनी अशी वर्गणी खरोखर थांबवली आहे, त्यांनी कृपया आपला अनुभव सविस्तर कळवावा.