अर्थसीचा विझार्ड आणि हयवदन, दोन्ही एकाच आठवड्यात. तुम्हाला कुणाचा शेवट पटला?

बोरीकाठचा

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. आधीच सांगतो, दोन्हींचा शेवट लिहिणार आहे, ज्यांना वाचायचं-बघायचं असेल त्यांनी इथंच थांबा.

झालं असं की माझी भाची आठवीत आहे, तिनं सुट्टीत 'अ विझार्ड ऑफ अर्थसी' वाचलं (उर्सुला ले ग्विनचं, 1968 चं, म्हणजे हॅरी पॉटरच्या कितीतरी आधीचं) आणि मामा तू वाचच म्हणून मागेच लागली. मी मोबाईलवर वाचायला घेतलं, रात्री लाईट गेली की तेवढाच उजेड. आणि त्याच आठवड्यात जळगावला एका हौशी ग्रुपनं गिरीश कर्नाडांचं 'हयवदन' केलं, मित्राकडे जास्तीचं तिकीट होतं म्हणून गेलो. तेव्हापासून दोन्ही डोक्यात एकमेकांशी भांडतायत आणि इथं गावात बोलायला कोणी नाही, म्हणून हा धागा.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. गेड हा गाँट नावाच्या बेटावरचा बकऱ्या राखणारा पोरगा. अंगात जादू भरपूर आणि गर्व त्याहून जास्त. जादूच्या शाळेत दुसऱ्या पोरानं डिवचलं म्हणून मेलेल्या राणीला बोलवून दाखवायला जातो आणि त्या फटीतून एक सावली बाहेर येते. ती त्याला फाडून काढते, ती फट बंद करता करता म्हातारा मुख्य जादूगार जीव गमावतो, आणि मग अख्खं पुस्तकभर ती सावली ह्याच्या मागे, नंतर हा तिच्या मागे. शेवटी पार समुद्राच्या टोकाला दोघं समोरासमोर येतात आणि एकाच वेळी एकमेकांना हाक मारतात, नाव एकच, गेड. झालं. लढाई नाही काही नाही. सावलीला मिठी मारतो आणि अख्खा होतो.

हयवदनमध्ये बरोबर उलटं. देवदत्त हुशार, गोरा, कवी. कपिल लोहाराचा पोरगा, अंगानं पहिलवान. दोघं जिवाभावाचे मित्र, पद्मिनी देवदत्ताची बायको. कालीच्या देवळात दोघंही स्वतःची मुंडकी उडवतात, आणि ती घाईघाईत धडांवर बसवताना पद्मिनीकडून अदलाबदल होते. पुढे काय होतं तर डोकं जिंकतं, शरीर हळूहळू डोक्याच्या वळणावर जातं, आणि परत सगळं होतं तिथंच. अख्खं कोणीच होत नाही. दोघं एकमेकांना मारून मरतात, ती सती जाते.

आता माझं. मी नऊ वर्षं पुण्यात होतो, वडिलांना अर्धांगाचा झटका आला म्हणून दोन वर्षांपूर्वी परत आलो, कापूस आणि थोडा मका आहे. पहिल्या वेचणीला बोटं फुटली, बोंडाची वाळलेली टोकं किती टोचतात ते मी विसरलो होतो. पण आठ-दहा दिवसांत काय झालं माहित नाही, हात आपोआप चालायला लागले, मी डोक्यात भलताच विचार करतोय आणि बोटं बरोब्बर कापूस तेवढा काढतायत, पाचोळा नाही येत. लहानपणी आईबरोबर वेचायचो ते हातांना आठवत होतं, मला नाही. नाटकात कपिल म्हणतो ना, की शरीराच्या आठवणी मी कशाबशा गाडल्या होत्या आणि तू येऊन त्या उकरून काढल्यास, तेव्हा मला खुर्चीत बसवेना.

आणि सावलीचं म्हणाल तर. पुण्यात पहिल्या वर्षी रूमवर आई आली होती. ती फक्त अहिराणी बोलते. रूममेट होते, आई त्यांच्याशी बोलायला लागली आणि ते हसले, वाईट हेतूनं नव्हे पण हसले, आणि मी आईला म्हणालो, आई जरा नीट बोल ना. ती पुढचे दोन दिवस जवळजवळ बोललीच नाही. जेवायला वाढायची आणि मान हलवायची. मी नंतरही फोन आला की गॅलरीत जाऊन दार लावून बोलायचो. गेडनं शाळेत जे बाहेर सोडलं ते वाचताना मला ती गॅलरी दिसत होती, ऊन पडलेली आणि कपडे वाळत घातलेले.

म्हणून खरंच विचारतो, तुम्हाला काय वाटतं, जे आपण स्वतःहून तोडून टाकलं ते असं नावानं हाक मारून परत येतं का? की कर्नाड म्हणतात तेच खरं, डोकं एकाचं आणि धड दुसऱ्याचं असंच जगायचं?

झोक्यावरची

दादा, आईचं वाचून पोटात कालवलं. मी पण अमळनेर तालुक्यातलीच, आता नाशिकला असते.

मला पटलेला शेवट तुमच्या दोन्हींतला नाही, तिसराच आहे, त्याकडे येते. आधी हयवदन. मी ते दोनदा पाहिलंय आणि दोन्ही वेळा पद्मिनीसाठी जीव तुटला. सगळे म्हणतात तिला दोन्ही पाहिजे होतं, हुशारी पण आणि अंगातली ताकद पण. मग? तिनं मागितलं ते चूक कसं? देवळात काली प्रसन्न होते ती पद्मिनीवर, ते दोघं डोकी उडवून बसले होते तेव्हा नाही. कारण त्यांनी स्वतःलाच फसवलं होतं, एकजण म्हणे देवाला दिलेला शब्द पाळतोय आणि दुसरा म्हणे मित्रासाठी मरतोय. पद्मिनी निदान मनात आलं ते लपवत नाही. आणि शेवटी दोघं किती छान समजुतीनं एकमेकांना मारतात, तिला कोणी विचारतच नाही. त्या बाहुल्यांचा प्रसंग आठवतो का, उज्जैनच्या जत्रेतून आणलेल्या, ज्या तिची स्वप्नं आपल्याला सांगतात? तेवढ्याच तिचं ऐकतात.

आता अर्थसी. पहिल्या भागात मला एक गोष्ट खुपली, बायकांची जादू म्हणजे कमअस्सल अशी म्हणच आहे त्या बेटावर. ले ग्विन बाईंना स्वतःलाही पुढे ते खुपलं असावं कारण 1990 च्या 'तेहानू'मध्ये त्यांनी ते सगळं उलटून पाहिलंय. पण तुम्ही दुसरा भाग वाचाच, 'द टूम्ब्स ऑफ अतुआन', 1971 चा. त्यात टेनार नावाची पोरगी आहे, लहानपणीच घरून उचलून देवळाची पुजारीण करतात आणि तिचं नाव काढून घेतात. दुसरं देतात, अर्हा, म्हणजे जी खाल्ली गेली ती. मी ते वाचलं आणि पुस्तक मिटून बसले.

माझं लग्नात नाव बदललं. ताटात तांदूळ पसरले, अंगठीनं त्यात नवं नाव लिहिलं, सगळे हसत होते, फोटोवाला म्हणाला परत एकदा लिहा. मी पण हसत होते. नंतर कोणीतरी ताट हलवलं आणि तांदूळ डब्यात गेले. आधार, पॅन, बँक, सगळीकडे आता ते तांदळातलं नाव आहे. नवरा चांगला आहे, त्याबद्दल काही नाही. पण आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी गेलं, निंबाला झोका बांधलेला असतो आणि मागून कोणीतरी जुन्या नावानं हाक मारतं, तेव्हा मान वळते ती एका सेकंदात वळते. नाशिकमध्ये नव्या नावाला इतक्या वर्षांत अशी मान वळलेली नाही.

टेनारला तिचं नाव परत कोण सांगतं तर गेड. म्हणून मी म्हणते, परत येतं. पण एकट्यानं नाही येत, दुसऱ्या कोणीतरी हाक मारावी लागते.

पांझरा_19

मी धुळ्याचा, इंजिनिअरिंगला आहे. हयवदन मी यूट्यूबवर तुकड्यातुकड्यात बघितलंय, खरं सांगू तर मला जड गेलं, सुरुवातीचा भाग लांबतो. पण तो घोड्याच्या तोंडाचा माणूस, म्हणजे हयवदन, भारी आहे, पूर्ण माणूस व्हायला कालीकडे जातो आणि ती त्याला पूर्ण घोडा करून टाकते, फक्त आवाज माणसाचा राहतो. आणि तो आवाज पण शेवटी जातो तेव्हा तो खूष होऊन खिंकाळतो, तिथं मला रडावं का हसावं कळेना.

मला वाटतं तुम्ही दोघं मित्राला विसरताय. अर्थसीत व्हेच आहे ना, गेडचा शाळेतला मित्र. सावलीच्या हल्ल्यानंतर गेड दुखण्यातून उठतो तेव्हा सगळे त्याला टाळत असतात, तोंडावर जखमांचे व्रण, गर्व सगळा उतरलेला, आणि व्हेच शाळा सोडून जाता जाता त्याला स्वतःचं खरं नाव सांगून टाकतो, एस्टॅरिऑल. त्या जगात खरं नाव सांगणं म्हणजे स्वतःचा जीव दुसऱ्याच्या हातात देणं आहे, ते पण अशा माणसाला ज्याच्या मागे सावली लागलीय. आणि नंतर घरदार, बहीण सोडून त्याच्या होडीत बसतो. देवदत्त-कपिल मध्ये एवढी मैत्री आहे पण एकमेकांना मनातलं एकदा पण नीट सांगत नाहीत. कपिलला पद्मिनी आवडते हे देवदत्ताला दिसतंय, तरी दोघं गप. सांगितलं असतं तर मुंडकी उडाली नसती असं मला वाटतं.

मी पण क्लासमध्ये अहिराणी बोलत नाही. हॉस्टेलवर एक नंदुरबारचा मित्र आहे, त्याच्याशीच बोलतो. त्याला सगळं माहित आहे माझं.

रिटायर_मास्तर

चर्चा वाचून फार बरं वाटलं. थोडी भर घालतो.

मुंडक्यांची गोष्ट मूळ आपल्या वेताळ पंचविशीतली, सोमदेवाच्या कथासरित्सागरात आहे. तिथं ते दोघे मित्र नाहीतच, एक नवरा आणि दुसरा त्या बाईचा सख्खा भाऊ. वेताळ विचारतो आता नवरा कोण आणि राजा चटकन सांगतो, ज्याच्या धडावर नवऱ्याचं डोकं तो नवरा, कारण डोकं श्रेष्ठ. संपलं. पुढे जर्मन लेखक थॉमस मान यांनी 1940 मध्ये त्यावर लहानशी कादंबरी लिहिली, तिच्यात ते दोघे मित्र आहेत, आणि राजाचं उत्तर इतकं सोपं नाही हे दाखवलं. कर्नाडांनी ते घेतलं, हयवदनाची नवी गोष्ट जोडली आणि कानडीत नाटक लिहिलं. मराठीत ते चिं. त्र्यं. खानोलकरांनी आणलं, म्हणजे आपल्या आरती प्रभूंनी, त्यामुळे ऐकताना भाषांतर वाटतच नाही.

पण बोरीकाठ, तुमच्या प्रश्नाला मला वेगळंच आठवलं. गेडचा पहिला गुरू ओगियन नदीकाठी त्या पोराचा दंड धरून त्याचं खरं नाव हळूच सांगतो, ते वाचताना मला आपलं बारसं दिसलं. आत्या बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगते, आधी बाळाला आणि मग जगाला. आणि आपल्याकडे नाव लपवण्याचीही रीत होती. माझे आजोबा दगडू. त्यांच्या आधीची दोन भावंडं गेली म्हणून हा तरी राहावा, कोणाची नजर जाऊ नये, म्हणून नाव दगडू. त्या काळी गावोगाव उकर्डा, धोंडू, भिका होते, सगळे असेच कोणाच्या तरी भीतीतून आलेले. आजोबांचं बारशातलं नाव वेगळं होतं आणि ते मला पहिल्यांदा कुठं दिसलं तर ते गेल्यावर, जुन्या सातबाऱ्यावर. तलाठ्याकडे उभा राहून वाचत होतो आणि हे कोण असं मीच विचारलं. आजी मात्र दोन्हीपैकी कुठलंच घ्यायची नाही, तिच्यासाठी ते 'आमच्याकडचे'.

ओगियनची आणखी एक गोष्ट सांगतो, शिक्षक म्हणून मला तीच सगळ्यात मोठी वाटते. पाऊस येतो आणि हा एवढा जादूगार मंत्र म्हणून पाऊस वळवत नाही. झाडाखाली अंग आखडून झोपतो, भिजतो. गेडला तेव्हा राग येतो. चाळीस वर्षं शिकवून मलाही कळलं नव्हतं की शिकवणाऱ्यानं कधीकधी नुसतं भिजायचं असतं.

म्हणून तुमचं अख्खं झालं की नाही हे आज ठरवू नका. हात कापूस वेचायला लागलेत ना, ते वेचू द्या.

बोरीकाठचा

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तांदळाचं वाचलं आणि बहिणीला फोन केला, तिचं पण नाव बदललंय, आम्ही कधी त्यावर बोललोच नव्हतो. अर्धा तास बोललो. भाचीला दुसरा भाग सांगितला, आधी तीच वाचणार आहे, मग मी.

पांझरा, तुझं व्हेचबद्दलचं वाचून काल रात्री एक केलं. मास्तर, तुम्ही म्हणालात ते कळतंय, पण मला थांबवलं नाही. वडिलांना औषध देऊन झाल्यावर आई ओसरीवर बसली होती, शेंगा निवडत होती. मी पण बसलो आणि तिला अख्खी गोष्ट अहिराणीत सांगितली, बकऱ्या राखणाऱ्या पोऱ्यापासून. नऊ-दहा वर्षांत एवढा वेळ सलग अहिराणी बोललो नव्हतो, मधे मधे शब्द अडत होते तेव्हा ती पुरवत होती. सावली येते तिथं तिनं हातातल्या शेंगा खाली ठेवल्या. मग मी पुण्याचं पण काढलं, तू आली होतीस तेव्हा मी तुला असं असं बोललो होतो म्हणून. ती म्हणाली, माले याद शे. एवढंच. नंतर बराच वेळ शेंगांचा आवाज.

मग मीच गोष्ट पुढे नेली, समुद्राचं टोक, दोघांचं एक नाव, मिठी, सगळं. वाटलं ती सावलीबद्दल काहीतरी विचारेल. तिनं विचारलं, दोन्हीजन घर पोचनात ना?

म्हटलं पोचले, त्या मित्राची बहीण धावत किनाऱ्यापर्यंत आली होती.

मंग बरं व्हयनं, म्हणाली, आणि शेंगांचं सूप उचलून आत गेली.